समोर दिसणारा मराठी शब्द शोधात सापडत नाही: समस्या निवारण

म्हणी आणि वाक्प्रचार यांचा एक छोटा मुक्तस्रोत संग्रह मी हौस म्हणून सांभाळतो. साध्या मजकूर-फायली, त्यांवरून तयार होणारी स्थिर पाने आणि वाचकाच्या ब्राउझरातच चालणारा शोध एवढाच त्याचा पसारा आहे. सर्व्हर नाही आणि डेटाबेसही नाही. या प्रकल्पाच्या तक्रारींच्या यादीत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत राहते. पानावर जो शब्द स्पष्ट दिसतो आहे, तोच शोधचौकटीत लिहिला तर ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर मिळते. अभंग, पाककृती, गावांची नावे, शब्दसूची असे काही जे कोणी मराठीतून जालावर मांडतात, त्या सर्वांची या दुखण्याशी कधी ना कधी गाठ पडतेच.

ही तक्रार मिटल्यासारखी वाटून पुन्हा उद्भवते, कारण लक्षण एक असले तरी कारणे चार-पाच आहेत आणि ती एकमेकांच्या आड लपतात. एक कारण दूर केले की तेवढ्यापुरते शब्द सापडू लागतात, मग नव्या योगदानकर्त्याने नव्या कळफलकावरून पाठवलेल्या मजकुरात दुसरे कारण डोके वर काढते. म्हणून सुटे शब्द दुरुस्त करत बसण्याऐवजी आधी निदान करावे, आणि त्यानंतर सगळ्या दुरुस्त्या एकाच ठिकाणी, ठरलेल्या क्रमाने कराव्यात.

आधी लक्षण नेमके ओळखावे

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे एकही मराठी शब्द सापडत नाही, पण त्याच पानांवरचे रोमन लिपीतील शब्द मात्र बिनचूक सापडतात. असे असेल तर मजकुराकडे पाहण्याची गरज नाही, दोष शोधाच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) किंवा तुमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्रात आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘शब्दातील वर्ण’ यासाठी जो उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू असा संक्षेप वापरतात, त्यात फक्त रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेखा एवढेच येते. युनिकोडचा (जगातल्या लिप्यांतील वर्णांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाचा) झेंडा, म्हणजे पर्याय, लावला तरी देवनागरी त्यात येत नाही. शब्दाची सीमा दाखवणारा बी हा संक्षेपही त्याच व्याख्येवर उभा असल्यामुळे मराठीसाठी तोही निरुपयोगी ठरतो. स्थिर संकेतस्थळांसाठी लोकप्रिय असलेल्या लुनर या लायब्ररीत प्रत्येक टोकनच्या (मजकुरातून सुट्या केलेल्या शब्दाच्या) दोन्ही टोकांचे ‘शब्दबाह्य’ वर्ण छाटणारी ट्रिमर नावाची पायरी मुळातच जोडलेली असते आणि ती नेमक्या याच संक्षेपाच्या उलट्या रूपावर चालते. ‘कुसळ’ हा शब्द तिच्या हाती लागला की त्यातले प्रत्येक अक्षर शब्दबाह्य ठरून छाटले जाते, हाती रिकामे टोकन उरते, आणि रिकामे टोकन इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी केलेल्या शब्दसूचीत, जातच नाही. इंडेक्स बनवताना कसलीही त्रुटी दाखवली जात नाही. म्हणून इंडेक्सची फाइल उघडून तिच्यात देवनागरी आहे की नाही हे एकदा डोळ्यांनी पाहावे, पुष्कळ वेळ वाचतो.

उपाय असा की इंडेक्स बनवताना ती पायरी काढून टाकावी आणि तिच्या जागी स्वतःची पायरी बसवावी. युनिकोडच्या गुणधर्मांवर आधारलेले वर्ग जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहेत. त्यांतील ‘अक्षर’ या वर्गासोबत ‘चिन्ह’ हा वर्गही घ्यावा लागतो, कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी युनिकोडच्या दृष्टीने अक्षरे नसून चिन्हे आहेत. नुसता अक्षरांचा वर्ग घेतला तर शब्द मात्रांपाशी तुटतो. ही स्वतःची पायरी शोधाच्या वेळीही चालणार असेल आणि इंडेक्स आधीच बनवून फाइलमध्ये ठेवला असेल, तर तिची नोंदणी करायला विसरू नये, नाही तर इंडेक्स उघडतानाच लायब्ररी अडते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे: शोध चालतो, पण भलतेच निकाल देतो. ‘पाणी’ शोधावे आणि ‘पुणे’ मिळावे, असे घडत असेल तर मात्रांपाशी शब्द तुटत आहेत, असे खुशाल समजावे. काना, वेलांटी, उकार आणि मात्रा हे विभाजक मानले तर दोन्ही शब्दांतून ‘प’ आणि ‘ण’ एवढेच शिल्लक राहते. पाने तयार करण्याची स्क्रिप्ट पायथॉनमध्ये असेल तर तेथील अंगभूत री मॉड्यूल नेमके असेच करते आणि ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ व ‘ठ’ असे तुकडे हातात देते. त्यासाठी वेगळे बसवावे लागणारे रेजेक्स हे मॉड्यूल मात्रांना शब्दाचा भाग मानते. एसक्यूलाइट या डेटाबेसचा एफटीएस५ हा पूर्णमजकूर शोध वापरणाऱ्यांनीही हे तपासावे. त्याचा युनिकोड६१ हा टोकन पाडणारा टोकनायझर मुळात अक्षरे, अंक आणि खाजगी वापराचे वर्ण एवढ्यांनाच टोकनमध्ये घेतो. तक्ता तयार करताना कॅटेगरीज या पर्यायात चिन्हांचे वर्ग स्वतः लिहून द्यावे लागतात, आणि ते न दिल्यास शोध ‘जवळजवळ बरोबर’ चालतो. जवळजवळ बरोबर चालणारा शोध हा मुळीच न चालणाऱ्या शोधापेक्षा वाईट, असे माझे मत आहे, कारण त्याची तक्रार फार उशिरा येते.

तिसरा प्रकार हा या लेखाचा मुख्य विषय आहे: बहुतेक शब्द सापडतात, पण ठरावीक शब्द कधी सापडतात आणि कधी सापडत नाहीत. या शब्दांची यादी करून पाहिली तर त्यांत ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘ऑफिस’, ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘वाङ्मय’ अशी मंडळी हमखास आढळतात.

चौथा प्रकार येथे फक्त वेगळा काढण्यासाठी सांगतो. ‘शेतकरी’ असे शोधल्यावर ‘शेतकऱ्यांना’ मिळत नाही, किंवा ‘रस्ता’ शोधल्यावर ‘रस्त्यावर’ मिळत नाही, ही तक्रार सामान्यरूपाची आहे. तिचा लिपीच्या साठवणुकीशी संबंध नाही आणि खाली दिलेल्या कोणत्याही उपायाने ती सुटणार नाही. तक्रार नोंदवणारे दोन्ही गोष्टी एकाच शीर्षकाखाली लिहितात, म्हणून तक्रार हाती घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की शोधलेला शब्द पानावर अगदी त्याच रूपात आहे का.

एक शब्द, तीन साठवणी

‘दऱ्या’ हा शब्द घेऊ. ब्राउझरचा कन्सोल उघडावा, पानावरून शब्द उचलून अवतरणचिन्हांत चिकटवावा, त्याची अक्षरांची यादी करावी आणि प्रत्येकाचा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधला क्रमांक, सोळाच्या पायात छापावा. ही एका ओळीची युक्ती या दुखण्यात सर्वांत जास्त उपयोगी पडते. नीट लिहिलेल्या शब्दात पाच कोडपॉइंट दिसतात: द म्हणजे ०९२६, ऱ म्हणजे ०९३१, हलन्त ०९४डी, य म्हणजे ०९२एफ आणि काना ०९३ई. हाच शब्द दुसऱ्या एखाद्या फाइलमधून उचलला तर सहा कोडपॉइंट निघू शकतात. त्यात ०९३१ ऐवजी साधा र म्हणजे ०९३०, मग हलन्त, आणि हलन्तानंतर २००डी हा अदृश्य वर्ण असतो. हा शून्य रुंदीचा जॉइनर. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात रफाराऐवजी आडवा र मिळवण्यासाठी हीच पद्धत सांगितली होती आणि पुढेही सुसंगतीसाठी ती चालू ठेवली गेली, त्यामुळे लिप्यंतर पद्धतीच्या जुन्या साधनांनी लिहिलेला मजकूर या दुसऱ्या रूपाने भरलेला आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र ऱ साठी स्वतंत्र कळ आहे, म्हणून तेथून पहिले रूप येते. तिसरे रूप म्हणजे साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे ठिपका ०९३सी, मग हलन्त. पडद्यावर तिन्ही तंतोतंत सारखी दिसतात.

तिसऱ्या रूपाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण युनिकोडच्या मते र अधिक नुक्ता आणि ऱ ही दोन्ही समतुल्यच आहेत. २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये असलेली नॉर्मलाइज ही समतुल्य लेखने एका रूपात आणणारी पद्धत एनएफसी या प्रकाराने चालवली की ती एक होतात. बहुतेक मार्गदर्शिका येथेच थांबतात आणि ‘नॉर्मलाइज करा, झाले’ असे सांगतात. परंतु जॉइनरचे रूप समतुल्य मानलेले नसल्यामुळे नॉर्मलाइज त्याला हातही लावत नाही, आणि मराठीत प्रत्यक्ष त्रास होतो तो याच रूपाचा.

मग जॉइनर काढून टाकावा, हा विचार साहजिकच मनात येतो, आणि पुष्कळ कोडमध्ये अदृश्य वर्ण पुसून टाकणारी एक ओळ असतेही. पण ‘दर्‍या’ मधून जॉइनर काढला की उरते ‘दर्या’, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचीही तीच गत होते आणि स्वयंपाकी व गुरू एकाच निकालात येऊन बसतात. हिंदीसाठी लिहिलेले तयार कोड मराठीत वापरताना हा धोका विशेष आहे, कारण हिंदीत या जोडीला अर्थभेदाचे काम नाही आणि त्या कोडच्या लेखकाला ती दिसण्याचे कारणही नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी र, हलन्त आणि जॉइनर ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त ही जोडी ठेवावी, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर पुसावेत.

नॉन-जॉइनर म्हणजे २००सी हा दुसरा अदृश्य वर्ण ‘वाङ्‌मय’, ‘सद्‌गुण’ अशा शब्दांत पाय मोडलेले अक्षर वेगळे दिसावे म्हणून घातला जातो. तो छपाईच्या दृष्टीने उचित आहे, शोधाच्या दृष्टीने केवळ अडथळा आहे, आणि तो शोधाच्या किल्लीतून, म्हणजे तुलनेसाठी शुद्ध केलेल्या शब्दरूपातून, बिनधास्त काढावा. त्याच्यासोबत शून्य रुंदीची मोकळी जागा, फाइलच्या आरंभी येणारे बाइटक्रमाचे चिन्ह आणि पीडीएफमधून मजकूर उचलताना येणारा मृदू संयोगचिन्हाचा वर्ण हेही काढावेत.

चुकीच्या स्वरांची जोडगोळी

जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टांतून रूपांतरित झालेल्या मजकुरात वेगळीच गंमत असते. त्या फॉण्टांत अक्षरे तुकड्यांनी साठवली जात, आणि रूपांतर करणाऱ्या साधनाने तुकड्याला तुकडा असे सरळ भाषांतर केले, तर ‘आणि’ मधला आ हा एक स्वर न राहता अ आणि काना अशी जोडी बनते. ‘कोण’ मध्ये ओकाराच्या एका चिन्हाऐवजी काना आणि मात्रा अशी दोन चिन्हे येतात. काही ठिकाणी अशा जोडीत ठिपक्यांचे वर्तुळ उमटते आणि चूक उघडी पडते, पण अनेक फॉण्टांत ती बेमालूम खपून जाते. या जोड्याही युनिकोडच्या मते समतुल्य नाहीत, म्हणून त्यांचा तक्ता स्वतः करावा लागतो. आधी काना व मात्रा यांचा ओकार, काना व दोन मात्रा यांचा औकार, काना व चंद्र यांचा ऑकार असे चिन्हांचे जोड सांधावेत, आणि मग अ च्या पुढे काना, ओकार, औकार किंवा ऑकार असेल तर त्या त्या पूर्ण स्वरात रूपांतर करावे. हाच क्रम उलटा लावला तर अ, काना, मात्रा अशी तिघांची साखळी अर्धवट सुटते.

ॲ ची कथा थोडी निराळी आहे. हा स्वर ०९७२ या जागी युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला, आणि राज्य शासनाने वर्णमालेविषयी काढलेल्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही ॲ आणि ऑ यांना स्थान मिळाले. त्याआधी लोकांचे काम अडलेले नव्हते. कोणी अ वर चंद्र देई, तर कोणी ए वर चंद्र असलेले ०९०डी हे अक्षर वापरी, आणि ती सवय अजून गेलेली नाही. ‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’ असे शब्द असलेल्या कोणत्याही मराठी मजकुरात तिन्ही लिखाणे शेजारी शेजारी सापडतात. शोधाच्या किल्लीत तिन्हींचे ०९७२ करावे.

नुक्त्याच्या बाबतीत एक इशारा द्यायला हवा. एनएफसी म्हणजे ‘सगळे जोडून टाकणे’ अशी समजूत असते. ऱ च्या बाबतीत ते खरे आहे, पण ०९५८ ते ०९५एफ या जागांवरील नुक्तायुक्त अक्षरे त्याला अपवाद आहेत आणि एनएफसी त्यांना उलट फोडते. म्हणून हिंदी किंवा उर्दू शब्द असलेल्या संग्रहात एका बाजूला नॉर्मलाइज केलेला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला तक्त्यात हाताने लिहिलेले नुक्तायुक्त अखंड अक्षर, अशी गल्लत करू नये. तक्ता स्वतःही नॉर्मलाइजमधून काढावा.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम

‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही’ ही म्हण मी चाचणीसाठी नेहमी वापरतो, कारण तिच्यात आडवा र आणि विसर्ग असे दोन्ही रोग एकत्र आहेत. विसर्गाची कळ कळफलकावर शोधावी लागते आणि अपूर्णविराम बोटाखाली असतो, त्यामुळे ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘विशेषत:’ असे लिहिण्याची रीत इतकी पसरली आहे की छापील मजकुरातही तो अपूर्णविरामच असल्याचे अनेकांच्या लक्षात येत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते विरामचिन्ह आहे, आणि अक्षरे व चिन्हे एवढेच घेणारा नियम तेथे शब्द तोडतो.

लुनर वापरणाऱ्यांना येथे आणखी एक खड्डा आहे. तिच्या शोधभाषेत अपूर्णविरामाला अर्थ आहे: त्याच्या आधीचा भाग म्हणजे रकान्याचे नाव आणि नंतरचा भाग म्हणजे त्या रकान्यात शोधायचा शब्द. वाचकाने ‘दु:ख’ असे लिहिले की लायब्ररी ‘दु’ नावाचा रकाना शोधते, तो नसतो, आणि ती त्रुटी फेकते. ती त्रुटी कोडमध्ये पकडलेली नसेल तर पानावर काहीच घडत नाही, ‘सापडले नाही’ हेही दिसत नाही, आणि वाचकाला वाटते की पान गोठले. म्हणून वाचकाचा शब्द लायब्ररीच्या हाती देण्यापूर्वीच त्याचे शुद्धीकरण झाले पाहिजे. टोकनच्या पायरीवर केलेली दुरुस्ती येथे उशिरा पोहोचते.

दुरुस्तीचा नियम दोन भागांत करावा लागतो. देवनागरी वर्णाला लागून अपूर्णविराम आणि त्याला लागून पुन्हा देवनागरी वर्ण असेल, तर तो विसर्ग समजायला हरकत नाही. शब्दाच्या शेवटी असेल तर मात्र तो खरोखरचा अपूर्णविराम असण्याचीही तेवढीच शक्यता असते, कारण ‘उदाहरण:’ असे लिहून पुढे यादी देणारे लोकही आहेतच. तेथे मी ‘स्वत’, ‘अंशत’, ‘विशेषत’, ‘सामान्यत’, ‘मुख्यत’, ‘प्रात’ अशा थोड्या शब्दांची यादी ठेवतो आणि तेवढ्यांनाच विसर्ग देतो. यादी कधीच पूर्ण होणार नाही, पण ती वाढवणे सोपे आहे आणि चुकीचा विसर्ग लागण्यापेक्षा एखादा शब्द सुटलेला परवडतो.

अंकांचे काम याच ठिकाणी उरकावे: देवनागरी आणि इंग्रजी अंक किल्लीत एकाच रूपात असावेत.

जुने लेखन आणि दुय्यम किल्ली

म्हणींच्या संग्रहाला जुन्या छापील मजकुराशिवाय गती नाही, आणि तेथे ‘नांव मोठें लक्षण खोटें’ असे लेखन भेटते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत मात्र ‘कांही’, ‘घरें’, ‘तूं’, ‘मीं’ हेच प्रमाण होते. आजचा वाचक ‘नाव मोठे’ असे शोधतो आणि रिकाम्या हाताने परत जातो.

येथे मोह होतो तो किल्लीतले सगळेच अनुस्वार काढण्याचा. तो टाळावा, कारण मग ‘चिंता’ आणि ‘चिता’, ‘पंत’ आणि ‘पत’, ‘अंग’ आणि ‘अग’ एक होतात. माझ्या मते योग्य मार्ग दोन किल्ल्यांचा आहे. पहिली किल्ली वर सांगितलेल्या दुरुस्त्यांपुरती, म्हणजे दिसायला सारखे तेच एक मानणारी. दुसरी किल्ली सैल, तिच्यात अनुस्वार काढलेले असतात. पहिल्या किल्लीचे निकाल आधी आणि दुसरीचे त्यांच्याखाली, थोडे अंतर ठेवून दाखवावेत. ‘पन्त’, ‘सम्बन्ध’ अशी परसवर्णाची लेखनेही दुसऱ्या किल्लीतच हाताळावीत: अनुनासिकाला हलन्त आणि पुढे त्याच वर्गातले अनुनासिक नसलेले व्यंजन असेल तर ती जोडी आधी अनुस्वार मानावी आणि मग इतर अनुस्वारांसोबत काढावी. पुढचे व्यंजन अनुनासिक नसावे ही अट सोडली तर ‘अन्न’ बिघडते. जुने लेखन मूळ फाइलमध्ये बदलू नये हे वेगळे सांगायला नको, ते त्या पुस्तकाचे आहे.

एकच फंक्शन, दोन्ही बाजूंना

वरील सर्व पायऱ्या एका फंक्शनमध्ये, एका फाइलमध्ये असाव्यात आणि इंडेक्स बनवताना व वाचकाचा शब्द घेताना अक्षरशः तीच फाइल वापरली जावी. तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते की पाने बनवणारी स्क्रिप्ट पायथॉनमध्ये, ब्राउझरचे कोड जावास्क्रिप्टमध्ये, आणि दोन्हीकडे ‘तेच’ नियम दोनदा लिहिलेले असतात. कालांतराने एकीकडे एखादी जोडी वाढते, दुसरीकडे वाढत नाही. दोन भाषा टाळताच येत नसतील तर निदान चाचणीची शब्दजोड्यांची फाइल सामायिक ठेवावी. तिच्यात एक व्हायलाच हव्यात अशा जोड्या असाव्यात, आणि कदापि एक होऊ नयेत अशाही असाव्यात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही दुसऱ्या प्रकारातली पहिली जोडी.

संग्रह काही हजार ओळींचा असेल तर लायब्ररीच नको, असेही मी सुचवेन. शुद्ध केलेल्या मजकुरात शुद्ध केलेला शब्द सरळ शोधला तरी साध्या मोबाइलवर ते क्षणात होते. शिवाय ‘घर’ शोधल्यावर ‘घरात’ आणि ‘घराच्या’ आपोआप मिळतात, ही मराठीत छोटी सोय नाही.

मूळ मजकुरातील चुकांचे दोन भाग करावेत. अ आणि काना यांच्या जोडीने लिहिलेला ‘आणि’ ही निव्वळ चूक आहे, ती फाइलमध्येच सुधारावी. नॉन-जॉइनर किंवा जुना अनुस्वार ही लेखकाची निवड असू शकते, ती तशीच ठेवून फक्त किल्लीत हाताळावी. पहिल्या प्रकारासाठी प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (योगदानकर्त्याने पाठवलेल्या बदलावर) चालणारी एक छोटी तपासणी लावावी, पण ती नुसती लाल फुली दाखवणारी नसावी. योगदानकर्त्याला आपल्या ओळीत काहीच वावगे दिसत नाही, आणि फरक दाखवणाऱ्या पटलावर लाल ओळ व हिरवी ओळ शब्दशः सारखी दिसते. अशा वेळी ‘चूक आहे’ एवढेच सांगणे म्हणजे त्याला पळवून लावणे होय. तपासणीने ओळ, शब्द आणि कोडपॉइंट छापावेत, आणि शक्य असेल तर दुरुस्तीचा कमिट स्वतःच जोडावा.

दुरुस्तीनंतरही जुनाच निकाल

कोड सुधारले, इंडेक्स नवा झाला, तुमच्याकडे शब्द सापडतो, आणि तक्रार करणारा मात्र ‘अजून तसेच आहे’ असे कळवतो. संकेतस्थळ ऑफलाइन चालावे म्हणून सर्व्हिस वर्कर (ब्राउझरात मागे चालणारी स्क्रिप्ट) लावलेला असेल तर त्याच्याकडे जुना इंडेक्स कॅशमध्ये पडून असतो, आणि नवे शुद्धीकरण जुन्या किल्ल्यांवर चालते. यात पूर्वी सापडणारे शब्दही सापडेनासे होऊ शकतात. इंडेक्सच्या फाइलच्या नावात तिच्या आशयाचा हॅश, म्हणजे आशय बदलला की बदलणारा संकेत, घालावा, आणि शिवाय इंडेक्समध्ये शुद्धीकरणाच्या फंक्शनचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवावा. ब्राउझरातील कोडने तो स्वतःच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि जुळला नाही तर कॅशला बगल देऊन इंडेक्स नव्याने मागवावा.

शेवटची अडचण शोध यशस्वी झाल्यावर येते. सापडलेला शब्द पिवळ्या रंगाने उठून दिसावा म्हणून त्याचे स्थान मूळ मजकुरात मोजले जाते, पण शोध झालेला असतो शुद्ध केलेल्या मजकुरात, आणि जॉइनर निघाल्यामुळे दोन्हींची लांबी जुळत नाही. रंग एक-दोन अक्षरे पुढेमागे सरकतो, आणि जोडाक्षराच्या मधोमध टॅग पडला तर मात्रा सुटी पडून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. ब्राउझरांतील सेगमेंटर या सोयीने अक्षरांचे पुंजके मोजता येतात, परंतु जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारे ब्राउझर ‘क्षमा’ मधला क्ष दोन पुंजक्यांत फोडतात, आणि फायरफॉक्समध्ये तर सेगमेंटरच २०२४ मध्ये आला. म्हणून पुंजक्यांच्या भरवशावर न राहता मूळ मजकुराचे आधी शब्द पाडावेत आणि हे करताना जॉइनर, नॉन-जॉइनर व देवनागरी वर्णाला लागून आलेला अपूर्णविराम हे शब्दाचाच भाग धरावेत. मग प्रत्येक शब्दाची जागा आणि किल्ली शेजारी शेजारी साठवावी, आणि जुळलेला भाग अर्धाच असला तरी मूळ शब्द संपूर्ण रंगवावा.